मोहबोडीची नाचपाळ

मोहबोडीच्या तलावाची पाळ, म्हणजे पाणी अडवणारा मातीचा बांध, सरळ दक्षिणेकडे जाते आणि मधोमध एका जागी एकदम रुंदावते. बैलगाडी वळवता येईल एवढी. तिथे गवत उगवत नाही. जेठ महिन्यात, भर दुपारी, गावातली पोरं-पोरी अनवाणी त्या जागेवर येतात आणि टिपऱ्यांच्या ठेक्यावर दंडार नाचतात. पूर्व विदर्भातल्या या झाडीपट्टीला दंडारीचं नवल नाही. पण नाच, गाणं आणि सोंगांचा तो खेळ एरवी रंगतो पिकं हाती आल्यावर, दिवाळीच्या सुमारास. तापल्या मातीवर पोरांना दंडार शिकवणारं गाव पाहून बाहेरचा माणूस थांबतोच. मग तलावात मासे धरणारे म्हातारे अंताराम नान्हे हातातलं जाळं खाली ठेवतात आणि म्हणतात, "हिले नाचपाळ म्हनतात जी. बसा, सांगतो."

गोंड राजांच्या अमदानीतली गोष्ट आहे, असं सांगतात. तेव्हा गाव नवं होतं. जंगल तोडून लोकांनी धानाच्या बांध्या, म्हणजे भातखाचरं, काढल्या होत्या, पण पाण्याला तलाव नव्हता. उदेभान पाटलांनी पाळ घालायला घेतली. दोन उन्हाळे अख्ख्या गावाने माती वाहिली आणि दोन पावसाळ्यांत पाळ एकाच जागी फुटली. दुसऱ्या खेपेला तर खालच्या सगळ्या बांध्या रेतीने भरल्या. तो हिवाळा गावाने वाळलेली मोहफुलं आणि रानातले कंद खाऊन काढला.

त्या गावात बिरजाबाई नावाची विधवा राहत होती. तिचा नवरा दंडारीचा गुरू. तो गेला तेव्हा आता दंडार बंद पडणार असं लोकांनी धरलं होतं. बिरजाबाईने तेरावा झाल्यावर खुंटीवरची ढोलकी काढली आणि स्वतःच्या गळ्यात अडकवली. रोज दिवस कलला की तिच्या अंगणात बावीस पोरं जमत. त्यात मुलीही असत. बायकांनी नाक मुरडलं, पुरुषांनी टोमणे मारले. ती पोरांना पाय कसा टेकवायचा ते शिकवी, राजा कसा चालतो ते दाखवी. "राजाची मान हालत नाई," ती म्हणे. "हालली, तं समजाचं, राजा खोटा हाये."

तिच्या पोरांत सुकरू सगळ्यांत तयारीचा. वय सोळा. आई-बाप पटकीत एकाच आठवड्यात गेलेले. होऊ घातलेल्या तलावाखाली, सगळ्या बांध्यांच्या पार शेवटी, बापाची एक लहानशी बांधी, एवढीच त्याची इस्टेट. तो दंडारीत राणी व्हायचा, आणि असा व्हायचा की गावातल्या बायका आपल्या हातातल्या बांगड्या काढून त्याला घालायला देत.

तिसऱ्या उन्हाळ्यात पाटलांनी भगताला बोलावलं. भगताने फुटलेल्या जागेवर तांदूळ टाकले, बराच वेळ घुमला आणि म्हणाला, "पाळ जित्ता मानूस मांगते. कोवळा, नाचत्या पायाचा, आनि ज्याच्यामांगं रडाले कोनी नाई असा."

त्याने नाव घेतलं नाही. घ्यायची गरजच पडली नाही. सगळं गाव सुकरूकडे पाहू लागलं.

बिरजाबाई बायकांतून उठून पुढे आली. "रडाले कोनी नाई कसं? मी आहो ना!"

"पान्याले तहान लागली हाये, बाई," भगत म्हणाला.

"पान्याले तहान नाई लागत. तहान आपल्याले लागते. आपली तहान पान्यावर ढकलू नको."

पाटील वाईट नव्हते म्हणे. पण दोन वर्षं उपाशी पोरांची तोंडं पाहून थकलेले होते. ते म्हणाले, "मंग पाळ कशानं थांबते ते तू सांग."

बिरजाबाईने सुकरूचा हात धरला आणि सगळ्यांच्या देखत त्याला घरी नेलं. अंगणात पोरं बसून होती. तिने पाय धुवायला घागर रिती केली आणि पाहतच राहिली. पाणी मातीत मुरेना. थाळीवरून घरंगळावं तसं ते वाहत जाऊन कुंपणाशी पोचलं. कितीतरी वर्षं रोज त्या अंगणात पोरांचे पाय पडले होते. आणि पाळीवर? माती तुडवणारे गावचे बैल खुरीच्या साथीत मेले, तेव्हापासून पाळीवर माती नुसती टाकली जात होती. ती तुडवली कुणीच नव्हती.

दुसऱ्या दिवशी उजाडताच ती पाटलांच्या दारात उभी राहिली. "मले ते जागा द्या. माहे पोट्टे तुडवतील."

"नाचून का तलाव होते, बिरजा?"

"नाई झाला, पाळ फुटली, तं त्याच जागी मले पुरा. पन तवरिक सुकरूले कोनी हात लावाचा नाई."

पाटलांनी गावासमोर हो म्हटलं. मात्र भगताच्या सांगण्यावरून त्यांनी तिची ढोलकी ठेवून घेतली. ढोलकीने पाणी चिडतं म्हणे. बिरजाबाईने गळ्यातली ढोलकी काढून दिली आणि पोरांच्या हातात टिपऱ्या दिल्या.

वीतभर मातीचा थर टाकायचा, त्यावर पाणी शिंपडायचं आणि मग नाचायचं. पुढची रांग टाचेवर, मागची रांग चवड्यावर, मग उलट. माती दगडासारखी वाजू लागली की वर दुसरा थर. पाळीवर ऊन असं असे की खारीसुद्धा झाडाखाली पडून राहत. चौथ्या दिवशी पोरांच्या पायांना फोड आले. बिरजाबाईने मोहाच्या बियांचं तेल लावून वर पळसाची पानं बांधली. सगळ्यांत धाकटी चंपी मातीतच बसली आणि रडत म्हणाली, "माय, आता पाय उचलत नाई."

"नको उचलू," बिरजाबाई म्हणाली. "बसूनच टिपऱ्या वाजव. ठेका सोडू नको." आणि चंपीच्या जागेवर ती स्वतः उभी राहिली.

पण बावीस पोरांनी नाचायचं किती आणि माती वाहायची किती? मोठी माणसं भगताच्या भीतीने लांब उभी राहून पाहत होती. काम अर्ध्यावर अडलं आणि आषाढ तोंडावर आला. तेव्हा बिरजाबाईने बाजाराच्या दिवशी, उतरत्या उन्हात, त्याच अर्ध्या पाळीवर दंडार मांडली. खेळ तिने नवा बसवला होता. एक पोरगा पागोटं घालून पाटील झाला. त्याची मान सारखी हालत होती. लोक हसले. एक जण भगत होऊन घुमला. लोक पुन्हा हसले. मग खड्डा खणल्याचं सोंग झालं, आणि लुगडं नेसलेला सुकरू आला. या खेपेला राणी नाही, ज्याला पुरायचं त्या पोराची आई. तो खड्ड्याच्या काठाशी बसला आणि रडू लागला. कुणाचं नाव घेऊन नाही. गावात मूल गेलेली बाई जसं रडते, अगदी तसं.

हसू थांबलं. आधी एक बाई हुंदकली, मग दुसरी, मग पाळीखाली उभ्या असलेल्या साऱ्याच बायका. ज्याच्यामागे रडायला कुणी नव्हतं, त्याच्यासाठी अख्खं गाव रडलं म्हणतात. दुसऱ्या सकाळी पोरं पाळीवर आली, तर बायका मातीच्या टोपल्या घेऊन आधीच हजर होत्या. त्यांच्यामागे, खाली माना घालून, पुरुष.

आषाढात तीन दिवस पाऊस थांबला नाही. तिसऱ्या दिवशी सकाळी पाणी वर चढू लागलं. बिरजाबाई दिलेल्या शब्दाला जागून पाळीच्या पायथ्याशी, पूर्वी पाळ फुटलेल्या जागी, जाऊन उभी राहिली. पाटील आले, भगत आला. तिने पोरांना घराबाहेर पडायची सक्त मनाई केली होती. पण थोड्याच वेळात तिच्या डोक्यावर टिपऱ्या वाजल्या. बावीसच्या बावीस पोरं पाळीवर रांग धरून उभी होती.

"घरी जा!" ती ओरडली.

"नाई जात," सुकरू वरून म्हणाला. "ठेका सोडू नको म्हनूनशान तूच सांगतलं होतं."

त्यांनी तिचं ऐकलं नाही असं तेव्हा पहिल्यांदाच घडलं. पाणी पाळीच्या माथ्यापासून हातभर खाली येऊन ठेपलं, सांडव्यावरून धो धो वाहू लागलं, आणि पोरं नाचत राहिली. पाळ ओली झाली, पण हलली नाही. काही जण सांगतात की त्या वेळी मातीच्या पोटातून घुंगरांचा आवाज आला. अंताराम ते सांगत नाहीत. "घुंगरू कोनाजवळ होते जी? पायाले तं फोड होते."

पाऊस उघडल्यावर पाटील स्वतः ढोलकी घेऊन बिरजाबाईच्या दारात आले. "काय देऊ?" म्हणाले.

"तलावाचं पयलं पानी सुकरूच्या बांधीत."

पहिलं पाणी पाटलाचं, हा साऱ्या मुलखाचा रिवाज होता. पाटलांसोबत आलेला भगत मध्ये बोलायला गेला, तसं बिरजाबाईने ढोलकीवर थाप मारली. "आनि याच साली नाई, पाटील. दरसाल. सुकरूच्या मांगून, गावात ज्याले कोनी नाई, त्याच्या बांधीत."

पाटलांनी मान खाली घातली आणि हो म्हटलं.

सुकरू पुढे दंडारीचा गुरू झाला. त्याने तीन पिढ्या नाचवल्या, म्हातारा झाला आणि आपल्या घरात, आपल्या खाटेवर मेला. त्याने लग्न केलं नव्हतं. तरी त्या दिवशी गावातल्या चाळीस पुरुषांनी डोकी भादरली असं सांगतात.

आजही धानाच्या रोवणीच्या वेळी तलावाची पाणी सोडायची मोरी उघडली की पहिलं पाणी गावातल्या सगळ्यांत एकट्या माणसाच्या बांधीत जातं. कधी ते आईबापांविना वाढणारं पोर असतं, कधी मूलबाळ नसलेली म्हातारी. पाटलांच्या वंशजांची बांधी पाळीला अगदी लागून आहे. पाणी तिच्या कडेने वाहत खाली जातं, आणि ते धुऱ्यावर, आपल्या शेताच्या बांधावर, उभे राहून आपली पाळी यायची वाट पाहतात.