गिळलेला धूर

गाड्यांचे सुटे भाग बोलायचे, तेव्हाची गोष्ट. कुमुदताईंनी सेकंडहँड घेतलेली मोटार चढावर धापा टाकू लागली, म्हणून त्यांनी ती दस्तगीर मिस्त्रींकडे आणली.

“दोष या कन्व्हर्टरचा!” इंजिन गुरगुरलं. “माझा धूर गाळायचं सोडून माझाच श्वास कोंडतोय. काढा त्याला!”

“काढा,” कन्व्हर्टर एवढंच म्हणाला.

“नवा फार महाग पडेल, ताई. आधी हा उतरवून बघतो,” मिस्त्री म्हणाले.

कन्व्हर्टर उतरला. इंजिन खुशीत गरजलं आणि क्षणात गॅरेज निळ्या धुरानं भरलं. कुमुदताई खोकत बाहेर पळाल्या.

मिस्त्रींनी कन्व्हर्टरची तेलकट, काळी जाळी निरखली. “नवा आत्ता बसवला तर तोही असाच गुदमरेल. इंजिनच ऑइल पिऊन धूर ओकतंय, ताई. आधी तेच उघडतो.”

पाना जवळ आला. इंजिनानं घाबरून कन्व्हर्टरकडे पाहिलं. पण आता त्याचा धूर गिळायला कुणी उरलं नव्हतं.