डिझेलचा काटा आणि बांबूची काठी

एका गावात एक चुरमुरेवाला होता. माणिकशेठ त्याचं नाव. त्याच्या भट्टीचे चुरमुरे आसपासच्या सगळ्या आठवडी बाजारांत जात. पोती वाहायला एक जुनी पिकअप होती आणि ती चालवायला शिदू. नऊ वर्षं शिदूच ती चालवत होता. पहाटे लवकर निघावं लागे, म्हणून रात्री गाडी त्याच्या दारात उभी असे. त्याचं घर भट्टीपासून हाकेच्या अंतरावर होतं.

एका संध्याकाळी गाडी बाजाराहून परतली, तेव्हा शेठने सहज डिझेलच्या काट्याकडे पाहिलं. काटा अर्ध्यावर होता. सकाळी पाहतो तर काटा पार तळाला. पुढच्या दिवशीही तेच झालं. गंमत म्हणजे बाजार करून गाडी परतली, की काटा पुन्हा वर आलेला असे.

दुसरा कुणी असता तर म्हणाला असता, डिझेल काही गाडी चालवून वाढत नाही, काट्यातच काहीतरी गडबड आहे. शेठला वेगळंच सुचलं. "रात्री चोरून काढतो आणि दिवसा भीतीनं परत ओततो," तो बायकोला म्हणाला. संशय एकदा मनात शिरला, की त्याला पुरावा म्हणून काहीही चालतं. महिन्याचं डिझेल पूर्वीइतकंच लागत होतं. तिकडे शेठने पाहिलंच नाही.

बुधवारी गावचा बाजार असे. भर बाजारात, चहाच्या टपरीसमोर शेठने शिदूला हाक मारली.

"काय रे, डिझेल कुणाला विकतोस?"

चहा पिणारे कप हातात धरून बघत राहिले. शिदूला आधी काही कळेना. कळलं तेव्हा त्याचा चेहरा उतरला.

"शेठ, गाडी जुनी हाय. काटा एकदा तपासून घ्या."

"म्हंजे काटा खोटा आणि तू खरा होय?"

शिदूने गाडीची किल्ली टपरीच्या फळीवर ठेवली आणि तो निघून गेला. डिझेलचोर म्हणून नाव झालेल्या माणसाला पंचक्रोशीत कोण गाडी देणार? तो वीटभट्टीवर जाऊ लागला. रस्त्याने एखादी पिकअप गेली, की विटा उचलता उचलता त्याचे हात थांबत.

शेठने गाडीवर आपल्या मेहुण्याला बसवलं. चौथ्या दिवशी सकाळी काटा पुन्हा तळाला. शेठने मेहुण्यालाही आडवंतिडवं विचारलं. मेहुणा रागारागाने आपल्या गावी निघून गेला आणि शेठच्या बायकोने दोन दिवस अबोला धरला. मग शेठने गाडी स्वतःच्या अंगणात लावली, फाटकाला कुलूप ठोकलं आणि किल्ली करदोट्याला बांधून झोपला. सकाळी पाहतो तर काटा तळाला! आता चोर म्हणून बोट दाखवायला शेठखेरीज कुणी उरलंच नव्हतं.

तसाच तो गाडी घेऊन जवळच्याच दस्तगीर मिस्त्रीच्या गॅरेजवर गेला. मिस्त्रीने आधी चहा सांगितला. काट्याकडे त्याने ढुंकूनही पाहिलं नाही. कोपऱ्यातली एक कोरडी बांबूची काठी घेतली, टाकीत बुडवली आणि वर काढली. काठी चांगली अर्धी ओली होती.

"डिझेल हाय तितकंच हाय, शेठ," मिस्त्री म्हणाला आणि गाडीखाली शिरला.

टाकीतून येऊन गाडीच्या सांगाड्याला जोडलेली एक तार गंजून सैल झाली होती. गाडी धक्के खात चालली, की तार टेकायची आणि काटा खरं सांगायचा. गाडी बराच वेळ उभी राहिली, की तार सुटायची आणि काटा खाली पडायचा. मिस्त्रीने गंज घासून काढला आणि नट आवळला. काटा वर आला आणि तिथंच राहिला. सांगितलेला चहा यायच्या आत काम झालं.

चहा आला, पण शेठने तो तसाच ठेवला. त्याला शिदूचा उतरलेला चेहरा आठवत होता आणि स्वतःची लाज वाटत होती.

तिन्हीसांजेला, गल्लीत कुणी नाही असं पाहून, तो शिदूच्या घरी गेला. हळूच म्हणाला, "शिदू, चुकलं माझं. उद्यापासून गाडीवर ये."

शिदूचे डोळे भरून आले. त्याने शेठला पाट दिला, पाणी दिलं. मग तो म्हणाला, "शेठ, माझा राग गेला. पण तुम्ही मला चोर बाजारात म्हणालात. हितं घरात मला कोण चोर म्हणतंय?"

शेठ उठला आणि घरी निघाला.

पुढच्या बुधवारी बाजार भरला. शेठ टपरीसमोर पिकअपच्या हौद्यात चढून उभा राहिला. काटा बिघडला होता एवढं सांगून त्याला सुटता आलं असतं. पण तो मोठ्याने म्हणाला, "ऐका! काटा बिघडला हुता, पण बोललो मी. शिदूनं थेंबभर डिझेल घेतलं न्हाई. चुकलं ते माझं चुकलं!"

शेठ खाली उतरला आणि त्याने किल्ली टपरीच्या त्याच फळीवर ठेवली. बाजाराची पिशवी घेऊन शिदू गर्दीत उभाच होता. तो पुढे आला, किल्ली उचलून कपाळाला लावली आणि पिशवी शेठच्या हातात दिली. "एवढी भाजी घरी पोचवा," तो म्हणाला, "मला माल घेऊन जायाचंय." सगळे हसले. शेठही हसला आणि खरोखरच भाजी पोचवायला निघाला.

ती बांबूची काठी शेठने मिस्त्रीकडून मागून आणली. अजून ती चुरमुऱ्याच्या भट्टीच्या दाराशी उभी असते. गावात कुणी कुणाबद्दल वेडंवाकडं बोलू लागलं, तर ऐकणारा विचारतो, "काठी बुडवून बघितलीस का?"

तात्पर्य: माणसावर ठपका ठेवण्याआधी आपलं माप तपासून घ्यावं, आणि चुकलोच, तर ज्या आवाजात दोष दिला त्याच आवाजात चूक कबूल करावी.