ताम्रजटेचे तीन प्रश्न

एका राज्यात रत्नशेखर नावाचा राजा होता. राजा मनाचा भला, पण ज्याला हात लावू नये त्याला आधी हात लावायचा. वाड्याच्या तळघरात एक शापित खजिना होता. राजाने त्यातला मुकुट डोक्यावर चढवला मात्र, त्याच्या पायांचा दगड झाला. दगड रोज थोडा थोडा वर सरकू लागला.

राजवैद्य म्हणाला, "समुद्रापलीकडे तांबडवन देश आहे. तिथल्या ताम्रजटा चेटकिणीच्या झऱ्याचे पाणी हाच उतारा. दगड ओठांशी पोचण्याआधी आणावे."

राजाची एकुलती एक मुलगी हेमांगी निघाली. सोबतीला तिची बोलकी साळुंकी. देवमाशाच्या पाठीवर बसून दोघींनी समुद्र ओलांडला. देवमासा शहाणा होता, वाटेत बुडी मारली नाही.

तांबडवनातली घरे झाडांच्या ढोलीत होती आणि दारांना कड्या नव्हत्या. ताम्रजटेने राजकन्येच्या पायांतल्या ओल्या मोजड्या स्वतः काढून चुलीजवळ वाळत ठेवल्या. पाहुण्याच्या पावलांना ऊब द्यायची, ही त्यांची रीत. हेमांगी संकोचून गेली. एवढी मोठी चेटकीण आणि आपल्या मोजड्या उचलते!

ताम्रजटेने विचारले, "चुलीपाशी बसतेस?"

"नको, मी इथे बरी आहे," हेमांगी म्हणाली आणि आग्रहाची वाट पाहू लागली. ताम्रजटेने मान डोलावली नि स्वतः उबेला बसली. राजकन्या दाराशी कुडकुडत राहिली.

मग मधात घोळलेली कंदांची भाकरी आली. वासानेच जीव कासावीस झाला.

"जेवतेस?"

"छे, छे, भूकच नाही."

ताट उचलले गेले. साळुंकीने मात्र विचारताच चोच पुढे केली होती, तिचे पोट तट्ट फुगले. हेमांगीच्या डोळ्यांत पाणी आले. ही कसली माणसे, एकदासुद्धा 'घ्या हो' म्हणत नाहीत!

साळुंकी छपरावरच्या घुबडाशी बोलून आली आणि तिच्या कानाशी कुजबुजली, "बाईसाहेब, या देशात पाहुण्याला तीन प्रश्न विचारतात, प्रत्येक एकदाच. पुन्हा विचारणे म्हणजे पाहुण्याला खोटे ठरवणे. तुमचे दोन गेले."

तेवढ्यात ताम्रजटा समोर उभी राहिली. "तुला काय हवे?"

आता आली का पंचाईत! लहानपणापासून अंगी बाणलेले उत्तर जिभेवर तयार होते. हेमांगीने हात जोडले आणि तिच्या तोंडून निघाले, "काही नाही हो, तुमचा आशीर्वाद अ—"

साळुंकीने तिच्या कानाला कडकडून चोच मारली.

"हवे!" राजकन्या ओरडली. "झऱ्याचे पाणी हवे! माझे बाबा दगड होत आहेत. आई नाही मला. बाबाही गेले तर मी कोणाकडे बघू?"

ती हुंदके देऊ लागली. ताम्रजटेने पाण्याची कुपी तिच्या हाती दिली.

"हे आल्या आल्या का नाही सांगितलेस?"

"आमच्याकडे असे एकदम मागत नाहीत."

"मग द्यायचे तरी कसे?" ताम्रजटेने खऱ्याच नवलाने विचारले.

हेमांगीला रडता रडता हसू फुटले. मग तिने भाकरीही मागितली आणि चुलीपाशी बसून पोटभर खाल्ली.

ती परतली तेव्हा दगड राजाच्या हनुवटीला टेकला होता. तिने पाणी शिंपडले. दगडाचे पापुद्रे गळून पडले. बोटे हलली, छाती वरखाली झाली, राजा उठून बसला. मुकुटाची राख झाली. वाड्यात नगारे झडले, आणि हेमांगीने कितीतरी दिवसांनी मोकळा श्वास घेतला.

"बाबा, काय हवे तुम्हाला?"

राजा म्हणाला, "मला काही नको. तू दमली असशील, जा, नीज."

हेमांगी जागची हलली नाही. हा तिचा स्वतःचा देश होता. तिने पुन्हा विचारले. राजाने मान खाली घातली. तिने तिसऱ्यांदा विचारले, तेव्हा राजाने तिचा हात घट्ट धरला.

"फार भ्यालो होतो गं, पोरी. माझ्यापाशीच बस."

ती बसली. राजाचा घोर फिटला, तसा ऐकणाऱ्या साऱ्यांचा फिटो.