धुरपाईची बोराटी

किती वर्षांपूर्वीची गोष्ट ते विचारू नका. हेंकळवाडीच्या माळावर आज जो म्हातारा हिवर उभा आहे, त्याचं बी अजून शेंगेत होतं, तेव्हाची. त्या काळी गावाबाहेरच्या खोपटात धुरपा नावाची धनगराची तरणी बाई राहायची. आज तिच्या धाडसाच्या गोष्टी सांगतात, पण खरी धुरपा मुलखाची भित्री होती. शेळीला दाव्याला बांधून दहा पावलं गेली की परत यायची आणि गाठ बघायची. तान्ही लेक बाणू झोपली की तिच्या नाकाखाली बोट धरायची. श्वास लागला की मनाशी म्हणायची, आत्ता आहे, पण मघाशी होता का?

त्या वर्षी पाऊस आलाच नाही. धुरपाचा नवरा मेंढरं घेऊन पाण्याच्या मुलखात निघून गेला. दसऱ्याला माळ पिवळा पडला, दिवाळीला पांढरा. बांधावरचं गवत संपलं, मग छपरावरचं संपलं. धुरपाचं दूध आटलं. बाणू जगत होती ती मोरी शेळीच्या वाटीभर दुधावर, आणि मोरी जगत होती माळावरच्या थोरल्या बोराटीवर.

बोराटी म्हणजे रानबोरीची जाळी. एकात एक गुंतलेली, चार शेतांएवढी पसरलेली, माणूस बुडेल एवढी उंच. बोरीला दोन तऱ्हेचे काटे. सरळ काटा टोचतो, आकडा धरून ठेवतो. लोक कुंपणापुरते फाटे तोडायचे आणि शिव्या देत घरी यायचे. पण सगळा माळ करपला तरी ती हिरवीच. तिच्या मुळ्या पाताळातल्या नदीत पाय सोडून बसल्यात, असं म्हणतात. तिच्या पोटात ससे होते, तित्तर होते, खोकड होती, चिंकारे होते. आणि एक लांडगा होता.

पौषाच्या तोंडावर त्या लांडग्यानं रावजी पाटलांचं वासरू नेलं. चावडीत ठरलं, उद्या उजाडताच बोराटी पेटवायची. लांडगाही जाईल, माळही मोकळा होईल.

धुरपा लेकीला पोटाशी धरून खालच्या पायरीशी उभी होती. शेजारच्या सुंदराक्कानं तिला कोपरानं ढोसलं. "बोल की गं. घरात कोंबडीसंगं भांडतीस, हितं दातखीळ बसली व्हय?"

धुरपा बोलली, पण पायरीकडं बघत. "पाटील, माज्या घरात चिपाडसुदिक न्हाय. मोरी बोराटीचा पाला खाती. ती आटली तर ही पोर जगायची न्हाय."

चावडी हसली. "आमची जनावरं कडबा खात्यात बाई, काटं न्हाय," मागून कुणीतरी म्हणालं, आणि हसू आणखी मोठं झालं.

पाटील हसले नाहीत. "शेळीला पेंढी मी देतो माझ्या गंजीतली. पण लांडगा ठेवायचा न्हाय."

धुरपानं पदर सावरला आणि ती मागं सरली. भित्र्या माणसाला सगळं दिसतं. रोज पहाटे बोराटीपाशी तिला खुरं दिसायची, आणि कुठलं खूर कुणाच्या दावणीचं ते तिला पाठ होतं. पण भर चावडीत दुसऱ्याच्या रिकाम्या मडक्याचं झाकण कसं काढायचं?

दुसऱ्या दिवशी तांबडं फुटताना माणसं पलिते घेऊन माळावर आली, तर बोराटीच्या आतून बाळाचं रडणं ऐकू आलं. मधोमध धुरपा बसली होती, मांडीवर बाणू, शेजारी मोरी. आत ती गेली कशी, कुणाला कळलं नाही. फांद्यांनी पदर उचलावा तसं आपलं अंग वर उचललं, असं म्हणतात. बाणूला एक ओरखडा नव्हता. धुरपाच्या हातांविषयी कुणी काही सांगत नाही. ते रक्ताळलेलेच असणार.

"बाहेर ये, पोरी," पाटील म्हणाले.

"येते. पर आत मी एकली न्हाय. आदी ही समदी जाऊ द्यात."

आणि जन्मात जिचा आवाज अंगणापलीकडं गेला नव्हता, तिनं मेंढरांना घालतात तशी हाळी घातली. ती सात गावांच्या शिवांपर्यंत ऐकू गेली, असं म्हणतात. बोराटी हलली. आधी ससे निघाले, माणसांच्या पायांमधून, न पळता. मग तित्तरांच्या रांगा. खोकड, चिंकारे, एक घोरपड. त्यांच्या मागून निघाली म्हादबाची म्हैस. मग कोतवालाचे दोन बैल. काल चावडीत हसलेल्या प्रत्येकाचं काही ना काही निघालं, तोंडं हिरवी करून. आणि मग शिंगात बोरीचा फाटा अडकलेली पवळी गाय, खुद्द पाटलांची. पाटलांची कडब्याची गंज पुढून भरलेली दिसे. मागून ती केव्हाच पोकळ झाली होती. पाटलीणबाई रोज पहाटे गाय माळावर सोडत होत्या आणि नवऱ्याला सांगत नव्हत्या.

सगळ्यांच्या शेवटी लांडगा निघाला. पवळीच्या शेजारून, शेळीच्या समोरून, सावकाश. फासळ्या मोजून घ्याव्यात असा. कुणी दगड उचलला नाही. गाय बिथरली नाही. मोरीनं तर चघळणंही थांबवलं नाही, असं म्हणतात.

पाटलांनी हातातला पलिता मातीत उलटा खुपसला. "ज्याच्या घरात वैरण हाय," ते म्हणाले, "त्यानं पेटवावी."

कुणी पुढं झालं नाही.

त्या दिवसापासून गाव बोराटीचे वरचेच फाटे तोडू लागलं; बुडख्याला कुणी हात लावला नाही. फाटे वाळवून काठीनं झोडायचे. पाला जनावरांना वाटायचा, काटे कुंपणाला. जेवढा झोडावा तेवढा पाला वाढत गेला, असं म्हणतात. संक्रांतीला बोरं पिकली. लेकीला ओवाळायला धुरपाकडं दुसरं काहीच नव्हतं. तिनं ओंजळभर बोरं बाणूच्या डोक्यावरून ओतली आणि खाली पडली ती ज्याच्या पोटची त्याला म्हणून तिथंच सोडली. बाणू पुढं नातवंडं बघून गेली. धुरपाची धुरपाई झाली. आणि पिकल्या वयात एका सकाळी ती बोराटीत शिरली ती बाहेर आलीच नाही. तिची घोंगडी तेवढी काट्यांवर पसरलेली सापडली, कुठंही न फाटता.

आजही हेंकळवाडीत बाळाचं बोरन्हाण घरात होत नाही. संक्रांतीला बाळाला बोराटीपाशी नेतात. बोरं ओतण्याआधी आईनं आपल्या घरात काय संपलंय ते सगळ्यांदेखत मोठ्यानं सांगायचं. कुणी तेल म्हणतं, कुणी ज्वारी. एकीनं एकदा "झोप" सांगितली. तिथं कोणी हसत नाही. खाली पडलेली बोरं पोरंसुद्धा उचलत नाहीत. सकाळपर्यंत ती संपलेली असतात, आणि मातीत पावलं उमटलेली असतात, सशाची, शेरडाची, कधीमधी मोठ्या नखांची.

आणि जे संपलंय म्हणून सांगितलं, ते त्या आईच्या उंबऱ्यावर आलेलं असतं. कोण ठेवून जातं, ते कुणी विचारत नाही. झोप सांगितलेल्या बाईच्या दारात त्या दिवशी सुंदराक्काची पणती उभी होती. "दे ती पोर हिकडं," ती म्हणाली, "आन् जा, पड जरा."