पडलेला तुकडा

"...पण दादाच्या आत्म्याचं तारण झालं असेल का, मास्तर? तेवढं सांगा."

प्रणीतनं तिसऱ्यांदा विचारलं. हिराजी मास्तर ओट्यावर बसून ताटातल्या भाकरीवरच्या माशा हाकत होते. त्यांचा महारोग कधीच बरा झाला होता. जाताना बोटं मात्र घेऊन गेला होता. कुष्ठधामाच्या याच ओट्यावर त्यांनी प्रणीत आणि शांतवन या दोघा भावांना लहानपणी बायबल वाचायला शिकवलं होतं.

"सहा वर्षं परदेशात शिकलास. चर्चचा पाळक होऊन आलास. तिथं नाही सांगितलं कुणी?"

"सांगितलं ना. परीक्षेलाही आलं होतं, तारण कशानं होतं म्हणून."

"काय लिहिलंस?"

"केवळ कृपेनं. माणसाच्या कर्मानं नाही."

"मग? पास झालास का?"

"वर्गात पहिला आलो."

"वा!"

त्या एका अक्षरानं प्रणीतची मान खाली गेली.

"गावानं मला सगळं सांगितलंय," मास्तर म्हणाले. "आता तू सांग."

प्रणीतनं सांगितलं. गेल्या महिन्यात, प्रभूच्या नावानं भाकर वाटतात त्या प्रभुभोजनाच्या रविवारी, त्यानं वेदीपुढून बजावलं होतं, ज्याला आपल्या तारणाची पक्की खात्री आहे त्यानंच हात पुढे करावा. शांतवननंही केला. दारूनं त्याचा हात लटपटत होता. भाकरीचा तुकडा खाली पडला. तो उचलायला शांतवन वाकला, तसा प्रणीत भर मंडळीत म्हणाला, "राहू दे, दादा. आधी हात थरथरायचा थांबव." आणि पुढच्या माणसाकडे वळला.

मागच्या बाकावर कुणीतरी हसलंही होतं.

त्यानंतर शांतवन चर्चची पायरी चढला नाही. काल त्याला माती दिली.

"शेवटच्या घटकेला तरी त्याला खात्री वाटली असेल का हो, मास्तर...?"

मास्तरांनी भाकरीचं ताट जवळ ओढलं.

"मास्तर...?"

"जेवलास का?"

"कालपासून घशाखाली घास उतरत नाही."

मास्तरांनी दोन्ही थोट्या हातांमध्ये अर्धी भाकर कशीबशी धरली आणि पुढे केली. प्रणीतनं हात लांबवला. पण तो पोचायच्या आत भाकर निसटली आणि ओट्याखाली मातीत पडली.

प्रणीत चटकन वाकला. भाकर उचलली, फुंकर मारली, कपाळाला लावली आणि एक घास तोडून तोंडात घातला.

"मातीतली खाल्लीस?"

"तुम्ही दिलेली, मास्तर. टाकू कशी?"

मास्तर त्याच्याकडे बघत राहिले. घास प्रणीतच्या तोंडातच राहिला.

"मग शांतवन कोणी दिलेली उचलायला वाकला होता रे...?"