चरकावरची गळती

फार फार जुन्या काळची गोष्ट. त्या राज्याचं नाव विचाराल तर मलाही सांगता यायचं नाही, पण तिथल्या एका कातारणीची हकिकत मला पक्की ठाऊक आहे.

तिच्या पडवीत वडिलांनी मागे ठेवलेला, लोखंड कातायचा चरक होता. नवरा मोठं चाक फिरवायचा, चरकावर लोखंडाची कांब गरगरायची आणि कातारीण तिला पोलादी हत्यार लावून हवा तसा गोल आकार द्यायची. गावातल्या साऱ्या रहाटांचे कणे, म्हणजे ज्यावर चाक फिरतं ते मधले दांडे, तिच्याच हातचे होते.

एका वर्षी मोठ्या बंधाऱ्याच्या दाराचा कणा मोडला. दार उघडेना, कालवे आटले, उभी पिकं माना टाकू लागली. राजाच्या कारखान्याचा प्रमुख म्हणाला, हे काम माझंच. घरोघरचे चरक उगाच लोखंड नासतात, ते सगळे कारखान्यात जमा करावेत. माणूस हुशार होता, पण स्वतःच्या हुशारीवर जरा जास्तच खूश होता.

गावकरी म्हणाले, आमच्या कातारणीलाही करून बघू द्या. तेव्हा राजाने दोन सारख्या कांबी काढल्या. एक प्रमुखाला दिली, एक कातारणीला. दोघांनाही मापासाठी दाराच्या भोकाएवढं एकेक पितळी कडं दिलं आणि आठ दिवसांची मुदत दिली. ज्याचा कणा दारात बसेल तो जिंकला. कातारीण हरली, तर तिचा चरक जप्त.

तिने आधी घरातल्या जुन्या लोखंडावर हात चालवून पाहिला. लोखंड कापायचं म्हणजे घर्षण आलं, घर्षणाने हत्यार तापायचं आणि त्याची धार जायची. म्हणून तिने देवळात महादेवाच्या पिंडीवर असते तशी, बुडाला भोक असलेल्या भांड्याची गळती चरकावर टांगली. पाण्याचा थेंब थेंब लोखंडावर पडू लागला. गारवा आला खरा, पण दुसऱ्या दिवशी चरकावर गंज चढला. मग तिने गळतीत नुसतं तेल भरलं. धार टिकली, पण पडवीत इतका धूर झाला की नवराबायको खोकून बेजार झाली.

देवळातले म्हातारे गुरव येऊन रागावले. गळती देवाची, ती चरकावर कशाला, असं त्यांचं म्हणणं.

कातारीण हात जोडून म्हणाली, "बाबा, तापलेल्याला गारवा देणं हेच तिचं काम ना? इथेही ती तेच करते आहे."

गुरवांनी वर टांगलेली गळती एकदा न्याहाळली आणि ते देवळाकडे परतले.

तिसऱ्या दिवशी ती रिठ्याच्या पाण्यात तेलकट हात धूत होती. बघते तर बादलीतलं पाणी दुधासारखं पांढरं झालेलं. जे तेल एरवी पाण्यावर तरंगायचं, ते रिठ्यामुळे पाण्यात मिसळलं होतं. तिला इतका आनंद झाला की ओल्या हातांनीच ती गळतीकडे धावली आणि तेच पाणी तिने तिच्यात भरलं. आता पाणी गारवा देऊ लागलं, तेल धार राखू लागलं आणि धूरही होईना. संध्याकाळी ती चरक कोरडा पुसून त्याला तेलाचा हात फिरवायची, त्यामुळे गंजही धरेना. मगच तिने राजाची कांब चरकावर चढवली.

तेवढ्यात बातमी आली, की प्रमुखाचा कणा तयारसुद्धा झाला. तिकडे लोक हसत होते, म्हणे बाई लोखंडाला अंघोळ घालत बसली आहे. नवऱ्याचा धीर सुटला. चाक जोरात फिरवू, म्हणू लागला.

ती म्हणाली, "अहो, कांबेला हात लावून बघा. गार आहे ना? मग कडं आपल्याशी खोटं बोलणार नाही. तापलेलं लोखंड फुगतं, माझ्या वडिलांनी सांगितलं होतं."

आठव्या दिवशी सगळा मुलूख बंधाऱ्यावर लोटला. प्रमुखाचा कणा वाजतगाजत आला, दाराच्या भोकात घातला आणि खडखड हलू लागला. प्रमुखाचा चेहरा उतरला. त्याने सारं काम कोरडंच, घाईघाईने उरकलं होतं. कडं बसवून पाहिलं तेव्हा कणा तापून फुगलेला होता. निवल्यावर तो आकसला आणि माप चुकलं.

मग कातारणीचा कणा घातला. तो सरळ आत गेला आणि घट्ट बसला. चार माणसांनी रेटताच दार उघडलं आणि पाणी धो धो करत कालव्यांत शिरलं. लोकांनी त्या नवराबायकोला खांद्यावर उचलून घेतलं. गर्दीत सगळ्यांत पुढे होते ते आपले गुरवबाबा.

राजा म्हणाला, "काय हवं ते माग."

"माझा चरक माझ्या पडवीत राहू द्या," ती म्हणाली, "आणि कारखान्यातल्या प्रत्येक चरकावर एक गळती टांगा."

पहिली गळती प्रमुखाने स्वतःच्या हाताने टांगली. तिच्यात काय भरायचं, हे विचारायला तो कातारणीच्या दारी आला, तेव्हा तिने हसून त्याच्या ओंजळीत रिठे ठेवले.

तात्पर्य: जो काम तापू देत नाही, त्याचंच माप खरं उतरतं.