चिंचबन आणि रेशमाचे माग

फार फार वर्षांपूर्वी एका मोठ्या राज्याच्या अगदी कडेला, डोंगरावर, एक चिमुकला प्रांत होता. इतका चिमुकला, की राजाला त्याची आठवण वर्षातून एकदाच यायची, तीही तिथे धान्य पाठवावं लागायचं म्हणून. जमीन खडकाळ, पीक जेमतेम. मेंढ्या मात्र भरपूर, आणि त्यांच्या लोकरीची घोंगडी विणणारी साठेक घरं.

एके वर्षी राजा वैतागला. त्याने प्रांताच्या कारभाऱ्याला बोलावून सांगितलं, "सात वर्षं देतो. तेवढ्यात तुमचा प्रांत स्वतःच्या पायांवर उभा राहिला तर ठीक. नाहीतर घाटाखालच्या प्रांताला जोडून टाकतो."

कारभारी माणूस वाईट नव्हता. हे आधीच सांगितलेलं बरं, कारण पुढे तुम्हाला त्याचा राग येणार आहे. तो याच मातीतला, लाच न खाणारा, लोकांवर जीव टाकणारा. आपल्या प्रांताचं नाव पुसलं जाणार, हे त्याला सहन होईना. खोड एकच. घरात रोज दिसणारी वस्तू त्याच्या नजरेत भरत नसे.

तो देशोदेशी हिंडला आणि रेशमी वस्त्रं विणून घेणाऱ्या एका बड्या व्यापाऱ्याला गळ घालून घेऊन आला. पाच वर्षं जकात माफ, असं वचन दिलं. व्यापारी म्हणाला, "माग मांडायला सपाट जागा हवी." डोंगरावर सपाट जागा एकच, वेशीपाशी चिंचांचं जुनं बन होतं तिथली. कारभाऱ्याने ती देऊन टाकली.

दुसऱ्या दिवशी घोंगडी विणणाऱ्यांपैकी एक म्हातारी त्याच्या दारात येऊन बसली.

"सरकार, रेशीम आणा, मोती आणा, आमचं काय म्हणणं न्हाई. पर चिंचा तेवढ्या तोडू नका."

"का हो, आजी?"

"चिंचोके शिजवून आम्ही खळ करतो. ती ताण्याच्या उभ्या धाग्यांना लावल्याबिगर लोकर मागावर टिकत न्हाई."

कारभाऱ्याला हसू आवरेना. "अहो, मी प्रांतात रेशीम आणतोय आणि तुम्ही चिंचोक्यांचं काय घेऊन बसलात? तुमच्या लेकी-सुनांना रेशमाच्या कामावर लावीन की!"

"त्या जातील वो. पर रेशीमवालाच गेला तर?"

"तो कशाला जाईल?"

म्हातारी उठली आणि आपल्या मागाकडे निघून गेली. आठवड्याभरात बन भुईसपाट झालं.

पुढची पाच वर्षं प्रांतात नुसता झगमगाट होता. राजधानीतून येणाऱ्या धान्याच्या गाड्या निम्म्यावर आल्या. कारभारी ताठ मानेने दरबारात जाऊ लागला. घोंगडीवाल्यांनी घाटाखालून चिंचोके आणून पाहिले. पण चिंचोके वर आणायचे, घोंगडी खाली विकायला न्यायची आणि वर जकातही भरायची, हा उपद्व्याप किती दिवस चालणार? एकेक घर मागासकट घाट उतरून गेलं. कारभाऱ्याच्या ते लक्षातही आलं नाही.

सहाव्या वर्षी रेशीमवाला पेढे घेऊन निरोप घ्यायला आला. पूर्वेकडच्या प्रांताने त्याला आठ वर्षांची माफी देऊ केली होती.

"अहो, पण आम्ही तुम्हाला काय कमी केलं?" कारभारी काकुळतीला आला.

"काहीच नाही," व्यापारी म्हणाला, "म्हणून तर पाच वर्षं राहिलो."

सातव्या वर्षी राजाचा हुकूम आला. सरहद्दीवरच्या पहारेकऱ्यांना थंडीसाठी पाच हजार घोंगडी हवी होती, आणि डोंगरावरची घोंगडी चांगली असतात असं त्याच्या कानावर आलं होतं. कारभाऱ्याला आनंदाने रडू फुटलं. एवढ्या एका कामावर प्रांत वाचणार होता! तो स्वतः विणकरांच्या आळीत धावला. घरोघर कुलपं. तसाच घाट उतरून गेला, तेव्हा ती म्हातारी खाली एका छपरात मागावर बसलेली दिसली. त्याने हात जोडले.

"आजी, चुकलो. परत चला. जकात माफ, जागा फुकट, मागाल ते देतो."

"राग न्हाई सरकार, आमचा," म्हातारी म्हणाली. "पर तिथं येऊन विणू कशानं? चिंचोके घाट चढवून चढवूनच तर आम्ही मोडलो. आज चिंचेचं रोप लावलंत, तर चिंचोका हाती यायला दहा-बारा वर्सं जातील. राजा थांबंल का तवर?"

राजा थांबला नाही. पाच हजार घोंगडी घाटाखालीच विणली गेली, त्या प्रांताच्या नावानेच राज्यभर नावाजली, आणि डोंगरावरचा प्रांत त्यालाच जोडला गेला. खालच्या लोकांनी कारभाऱ्याचा निरोपसमारंभ मात्र रीतसर केला. त्याच्या खांद्यावर एक नवं घोंगडं घातलं. ते फार ऊबदार होतं, आणि कारभाऱ्याला त्याचंच सगळ्यात जास्त दुःख झालं.

तात्पर्य: पाहुण्याला जागा करून देण्यासाठी जो घरच्यांची गरज मुळापासून तोडतो, त्याच्याकडे शेवटी पाहुणाही राहत नाही आणि घरचेही.